दोन वायरी आणि पेट्रोलची वाफ

पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं, की इनटेक मॅनिफोल्डच्या आसपास काळ्या प्लॅस्टिकचा एक छोटा नग दिसतो. एका अंगाने रबरी नळी आत शिरते, दुसऱ्या अंगाने बाहेर पडते आणि डोक्यावर दोन वायरींचा कपलर बसवलेला असतो. इंजिन तापल्यावर त्याच्यावर बोट टेकवलं तर बारीक टिकटिक हाताला लागते. हा पर्ज व्हॉल्व्ह. शोरूममध्ये त्याचं नाव कोणी काढत नाही, माहितीपत्रकात तो नसतो आणि त्याच्या वायरीत दोष आला तरी गाडी बहुतेक वेळा होती तशीच पळते. ॲव्हरेज तेवढंच, पिकअप तेवढाच. फक्त डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि विझायचं नाव घेत नाही.

तो दिवा नेमका कशामुळे लागला हे शोधून काढणं मला ऑटो इलेक्ट्रिशियनच्या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. स्टार्टर फिरला नाही, हेडलाइट गेला, हॉर्न बसला, तर दोष स्वतःच आपला पत्ता सांगतो. इथे कानाला, नाकाला, पायाखालच्या पेडलला काहीच कळत नाही. हाताशी असतो तो गाडीच्या कॉम्प्युटरने दिलेला एक कोड, दोन वायरी आणि विजेचे साधे नियम. त्यामुळे कारागिराला अंदाजावर भागवता येत नाही. एक पाऊल पक्कं झाल्याशिवाय दुसरं टाकता येत नाही. तसं न करता व्हॉल्व्ह बदलून मोकळं व्हायची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे आणि ती मला मनापासून खटकते.

पण आधी हा व्हॉल्व्ह तिथे कशासाठी आहे ते पाहू.

पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३०-३५ अंशांनाच उकळायला लागतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीखालचा डांबरी रस्ता त्याहूनही तापलेला असतो. टाकीत वाफ धरते, दाब वाढतो. रात्री टाकी थंड झाली की दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे टाकी पूर्ण बंद ठेवून चालत नाही, तिला वाट द्यावीच लागते. जुन्या गाड्यांत ही वाट झाकणातून किंवा एखाद्या नळीतून थेट उघड्यावर निघायची. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही तसंच उडून जायचं. गाडी दिवसभर जागची हलली नाही तरी तिच्यातून हायड्रोकार्बन हवेत जात राहायचे.

त्याचं काय होतं हे जगाला लॉस एंजेलिसने शिकवलं. १९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर असा धुरकट थर उतरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, आणि युद्धाचे दिवस असल्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडल्याचीही शंका काहींना आली. खरं कारण पुढे ॲरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं. हा नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा माणूस, कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाची घटकद्रव्यं वेगळी करत होता. तीच हातोटी त्याने शहराच्या हवेवर वापरली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांना झोंबणारं, रबराला चिरा पाडणारं ते धुकं यातूनच जन्मतं. ऊन आणि गाड्या दोन्ही भरपूर असलेल्या कोणत्याही शहराला हे लागू आहे. पुढे कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष तोच झाला. १९७०च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१पासून सगळ्या अमेरिकेत पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा गाडीवर सक्तीची झाली.

यंत्रणेचं पोट म्हणजे कॅनिस्टर. हा प्लॅस्टिकचा डबा सक्रिय कोळशाच्या दाण्यांनी भरलेला असतो. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा अंतर्बाह्य पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर जातो. टाकीतली वाफ या डब्यात येते आणि हायड्रोकार्बनचे रेणू कोळशाला चिकटून बसतात. मागे उरलेली स्वच्छ हवा बाहेर पडते. कोळसा भरून गेला की तो रिकामा करावा लागतो, आणि ते काम इंजिनाच्या ओढीने होतं. इंजिन तापल्यावर पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, मॅनिफोल्डमधल्या निर्वातामुळे बाहेरची हवा कोळशातून खेचली जाते, चिकटलेलं पेट्रोल सुटतं आणि सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. फिल्टर टाकून द्यावा लागत नाही, काही भरावं लागत नाही. मला ही रचना फार देखणी वाटते. बीएस-६च्या दुचाकींतही आता असा एक छोटा डबा असतो.

किती वाफ सुटते हे मोजायचीही एक पद्धत आहे. गाडी चालवून तापवतात आणि एका हवाबंद खोलीत लोटून ठेवतात. मग खोलीचं तापमान दिवसरात्रीच्या चढउतारासारखं बदलत नेतात आणि हवेत किती हायड्रोकार्बन जमले ते मोजतात. भारतात मोटारीला या चाचणीत २ ग्रॅमची मर्यादा आहे. दोन ग्रॅम म्हणजे पेट्रोलचा साधारण अर्धा चहाचा चमचा. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला १९६६पासून काम करणारी एआरएआय ही अशा चाचण्या करणारी आपल्याकडची जुनी संस्था.

आता मुद्द्याची गोष्ट. भारतातल्या गाडीने या यंत्रणेबद्दल तक्रार केली तर ती बहुतेक वेळा विजेची का असते? याचं उत्तर नियमांत आहे. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून गाडीच्या कॉम्प्युटरने वाफेची गळती स्वतः शोधायला हवी असा दंडक आहे. आधी एक मिलिमीटरच्या आणि २०००च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळती पकडावी लागते. त्यासाठी तिथल्या गाड्यांत टाकीच्या दाबाचा सेन्सर असतो, कॅनिस्टरचं हवेकडचं तोंड बंद करणारा वेगळा व्हेंट व्हॉल्व्ह असतो. टाकीचं झाकण सैल राहिलं तरी तिथे दिवा लागतो. युरोपने ही वाट धरली नाही. युरोपच्या नियमांत पर्ज व्हॉल्व्हच्या बाबतीत किमान अट एवढीच, की त्याचं विजेचं सर्किट अखंड आहे की नाही हे कॉम्प्युटरने पाहत राहावं. भारताने युरोपच्या पायऱ्या धरल्या; डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००२मध्ये दिलेल्या वाहन-इंधन धोरणाच्या अहवालातून त्याचं वेळापत्रक आखलं गेलं. २०१०नंतर टप्प्याटप्प्याने ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची व्यवस्था, आपल्याकडेही आली आणि तीही युरोपच्या धर्तीवर. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह एवढाच संसार असतो, आणि कॉम्प्युटरचं लक्ष असतं ते त्या दोन वायरींवर. अमेरिकन व्हिडिओ बघून टाकीचं झाकण बदलत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पीयूसीचा इथे उपयोग होत नाही. केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासतात. टाकीकडच्या वाफेचा त्या मोजणीशी संबंध नाही. कॅनिस्टर तुडुंब भरून वाफ बाहेर सोडत असला तरी पीयूसीचा कागद स्वच्छ मिळू शकतो. त्या तपासणीत स्कॅनर लावून गाडीतले कोडही वाचावेत असं मला वाटतं. त्याला फार खर्च येणार नाही.

आता व्हॉल्व्हच्या आत डोकावू. तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, मधे लोखंडी दट्ट्या, एक स्प्रिंग. करंट नसताना स्प्रिंग वाट बंद ठेवते. करंट आला की गुंडाळीचं चुंबक होतं आणि दट्ट्या उचलला जातो. थंड असताना गुंडाळीचा रोध अनेक गाड्यांत २० ते ३० ओहम भरतो. १२ व्होल्टला तेवढ्यातून अर्ध्या ॲम्पच्या आसपास करंट जातो. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे सकाळी २४ ओहम दाखवणारी गुंडाळी बॉनेटखाली ९० अंशांना ३० ओहम दाखवते, आणि त्यात काही वावगं नाही. पुस्तकातला आकडा २० अंशांचा असतो हे विसरून गरम व्हॉल्व्ह मोजायचा आणि खराब ठरवायचा, असं बरेचदा होतं.

दोन वायरींपैकी एकीवर चावी ऑन केली की मेन रिले आणि फ्यूजमधून बॅटरीचे १२ व्होल्ट येऊन उभे राहतात. दुसरी वायर ईसीएमकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाते. ईसीएम तिच्यातून करंट देत नाही, तिला अर्थ देतो. आतला ट्रान्झिस्टर ती वायर सेकंदाला दहा-वीस वेळा अर्थला जोडतो आणि सोडतो. जोडलेला वेळ वाढवला की जास्त वाफ ओढली जाते.

ईसीएमला वायर तुटल्याचं कळतं कसं? तो आपल्याच पिनवरचा व्होल्टेज बघत असतो. ट्रान्झिस्टर सुटलेला असताना त्या पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज दिसायला हवा, कारण तो गुंडाळीतून पलीकडून येतो. जोडलेला असताना जवळजवळ शून्य दिसायला हवा. सुटलेला असूनही शून्य दिसला, तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. जोडलेला असताना व्होल्टेज खाली येत नसेल, तर गुंडाळी आतून शॉर्ट आहे किंवा वायरीला दुसरीकडून थेट बॅटरी मिळते आहे. अशा वेळी जादा करंटमुळे चिप स्वतःला वाचवायला हात काढून घेते. आणि वायर मधेच तुटली असेल तर? त्यासाठी अनेक ईसीएममधली चिप आपल्या बाजूने अगदी किंचित करंट सोडून पिनवर मधलाच एक व्होल्टेज धरून ठेवते. पलीकडून १२ व्होल्ट आले नाहीत की हा मधला व्होल्टेज उघडा पडतो आणि तुटलेली वायर ओळखू येते. कपलर काढून ईसीएमकडच्या वायरीवर मीटर लावला की दोन-तीन व्होल्ट दिसतात ते यामुळेच. नवखा माणूस हा आकडा बघून ईसीएम गेला म्हणतो. ईसीएम तिथे आपलं काम चोख करत असतो.

यातूनच कोड जन्माला येतात. पी-०४४३ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये दोष, पी-०४४४ म्हणजे सर्किट उघडं, पी-०४४५ म्हणजे शॉर्ट. पी-०४५८ आणि पी-०४५९ म्हणजे व्होल्टेज हवा त्यापेक्षा खाली किंवा वर. या पाचांपैकी एकही कोड व्हॉल्व्ह खराब आहे असं म्हणत नाही. तो सर्किटचं नाव घेतो, आणि सर्किटमध्ये रिले आहे, फ्यूज आहे, मधले जोड आहेत, दोन्ही कपलर आहेत, गुंडाळी आहे, ईसीएमची पिन आहे. कोड वाचून थेट व्हॉल्व्ह मागवणारा माणूस या सगळ्यांतून एकावर चिठ्ठी टाकत असतो.

लक्षणांवरून एक गोष्ट मात्र आधीच ताडता येते. वायर तुटली असेल तर व्हॉल्व्ह कायमचा बंद राहतो आणि चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. वाफ मुकाट्याने कॅनिस्टरमधून बाहेर जात राहते. ईसीएमकडची वायर बॉडीला लागली असेल तर उलट होतं: चावी ऑन केल्यापासून व्हॉल्व्ह सताड उघडा, इंजिनात बेहिशेबी वाफ आणि हवा, आयडलिंग थरथरतं, आणि टाकी फुल करून लगेच स्टार्टर मारला की इंजिन धरायला कुरकुर करतं. म्हणून चांगला इलेक्ट्रिशियन स्कॅनरला हात लावायच्या आधी मालकाशी दोन वाक्यं बोलतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशाच एका मिस्त्रींचं काम मी जवळ उभं राहून पाहिलं. गाडी साधी हॅचबॅक, काही पावसाळे काढलेली. पिवळा दिवा अधूनमधून लागायचा. आधीच्या गॅरेजने पर्ज व्हॉल्व्ह नवीन टाकला होता. काही दिवस बरे गेले आणि दिवा परत आला. स्कॅनरवर पी-०४४४. मिस्त्रींनी तो पुसला नाही. आधी त्याच्यासोबत गोठवलेले आकडे बघितले, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणी गाडीचा वेग किती, पाणी किती तापलेलं, इंजिनाचे फेरे किती. गाडी चालती होती, इंजिन पुरतं तापलेलं. उभ्या गाडीत दोष येत नाही, हे त्यांनी मालकांना तिथेच सांगितलं.

"पण व्हॉल्व्ह नवीनच बसवलाय की," मालक म्हणाले.

"असू दे की साहेब. जुनापण चांगलाच असणार तुमचा."

दुसरे कोड आहेत का हेही त्यांनी पाहिलं. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरला आणि पर्ज व्हॉल्व्हला बऱ्याच गाड्यांत एकाच फ्यूजमधून वीज जाते. दोघांचे कोड एकदम आले असते तर त्यांनी थेट फ्यूजबॉक्स उघडला असता. इथे एकटा पर्जचाच कोड होता, म्हणजे फ्यूज शाबूत आणि दोष फाटा फुटल्यानंतरच्या टप्प्यात.

त्यांच्या हाताखालच्या पोराने कपलर काढला, मीटर लावला आणि हाक मारली, "मामा, बारा व्होल्ट येत्यात."

"मीटर दावतोय रं बारा. दिवा लावून बघ, मग बोल."

या कामाचं मर्म या एका वाक्यात आलं. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही; त्याचा आतला रोध एक कोटी ओहमच्या घरातला असतो. वायर गंजून तिच्यात दहा हजार ओहमचा अडथळा आला, तरी मीटर १२च्या जागी ११.९९ दाखवील. त्या वायरीला खरोखर अर्धा ॲम्प वाहून न्यायला लावलं, की तिची पत उघडी पडते. कंटिन्युइटीचा बीपही असाच फसवतो. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो.

मिस्त्रींचा दिवा त्यांनीच बनवलेला होता: जुन्या इंडिकेटरचा होल्डर, त्यात पाच वॉटचा बल्ब, दोन वायरी आणि त्यांच्या टोकांना भंगारातल्या कपलरमधल्या पिना झाळून लावलेल्या. पाच वॉटचा बल्ब १२ व्होल्टला साधारण ०.४ ॲम्प घेतो, म्हणजे जवळपास व्हॉल्व्हएवढाच भार टाकतो. एलईडीचा टेस्टर इथे चालत नाही, कारण तो नुसत्या नावाच्या करंटवरही लख्ख पेटतो. हेडलाइटचा मोठा बल्बही चालत नाही, कारण कोणी तो चुकून ईसीएमच्या वायरीवर लावला तर ट्रान्झिस्टरवर नको तेवढा भार येतो. आणि टोकाला पिना का, तर मीटरचा जाड काटा कपलरच्या भोकात खुपसला की आतली पितळी पकड फाकते आणि एक नवाच दोष कायमचा मुक्कामाला येतो. हे मी इतक्या गाड्यांत बघितलं आहे की त्या पिना पाहूनच मला मिस्त्रींविषयी आदर वाटला.

दिवा १२ व्होल्टच्या पिनेवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर लावला. पेटला, पण मंद, नारिंगी. मग त्यांनी मीटर हातात घेतला आणि वेगळ्या प्रकारे लावला: एक काटा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा पेटलेल्या दिव्याच्या पिनेवर. चांगल्या वायरीत इथे पाव व्होल्टसुद्धा दिसू नये. मीटरवर ६.८ आले. बॅटरीतून निघालेला निम्म्याहून जास्त व्होल्टेज वाटेतच कुठेतरी खर्च होत होता. ईसीएमला हे कधी समजलं नसतं. त्याला पिनवर व्होल्टेज आहे की नाही एवढंच दिसतं. खड्ड्यात गाडी आदळून तो कच्चा जोड क्षणभर पुरता सुटला की तेवढ्यापुरता तो कोड नोंदवायचा.

पुढे शोध सोपा होता, पण घाईचा नव्हता. वायरीत सुई खुपसून मोजायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं. प्रत्येक भोक म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पाण्याला आमंत्रण. त्याऐवजी हार्नेसची काळी टेप जिथे जिथे मुळातली वाटेना तिथे उकलली. बॅटरीच्या ट्रेखाली तशी एक जागा सापडली. ॲक्सेसरीच्या दुकानात कोणीतरी मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवताना त्याच्या रिलेसाठी चावीवरची वीज नेमकी याच वायरीतून घेतली होती. वायर तोडून, तारा पिळून, वर टेप गुंडाळून दिली होती. टेप सोडली तेव्हा आतून हिरवी पूड गळली. तांबं गंजून तारा केसासारख्या ठिसूळ झाल्या होत्या आणि मिस्त्रींनी नख लावताच दोन-तीन तुटल्या.

त्यांनी दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, मधे नवा तुकडा घातला, क्रिंप करून वर आतून डिंक असलेली स्लीव्ह तापवून बसवली आणि जोड ट्रेच्या वर, पाणी साचणार नाही अशा जागी क्लिपने बांधला. परत दिवा लावला, परत मीटर. वाटेतला तोटा ०.१ व्होल्ट. मग बल्बच्या पिना कपलरच्या दोन्ही भोकांत बसवून स्कॅनरवरून ॲक्च्युएटर टेस्ट दिली, म्हणजे ईसीएमलाच व्हॉल्व्ह उघडझाप करायला लावलं. दिवा एकसारखा फडफडू लागला. तो फडफडत असताना पोराने बॅटरीपासून कपलरपर्यंत हार्नेस हाताने हलवत नेला. कुठेही दिवा चुकला नाही. म्हणजे अर्थची बाजू आणि ईसीएमही ठीक. नवा व्हॉल्व्ह तसाच ठेवला, जुना मालकांच्या डिकीत होता तो मोजला: २५ ओहम. तोही चांगलाच निघाला.

प्रत्येक गाडीत हॉर्नच निघतो असं नाही. आपल्याकडे दुसरं मोठं कारण उंदीर आणि घुशी. पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की त्या उबेला बॉनेटखाली येतात आणि बारीक वायरी कुरतडतात. तिथे दिव्याची गरज पडत नाही, बॅटरी टॉर्च पुरते. कोकणात आणि गोव्यात समुद्राची खारी हवा कपलरच्या पिनांवर पांढरा-हिरवा थर धरते. आणखी एक कारण इंजिन धुण्याचा प्रेशर पंप, आणि याबद्दल मी सगळ्यांना हात जोडून सांगतो की बॉनेटखाली तो फवारा मारू देऊ नका.

खरी अडचण आहे ती वायरिंग डायग्रामची. कोणत्या रंगाची वायर कोणत्या फ्यूजमधून येते, मधे जोड कुठे आहे, ईसीएमच्या कितव्या पिनेवर जाते, हे कंपनीच्या पुस्तकात असतं आणि ते पुस्तक उद्यमनगरातल्या माणसाच्या हाती सहसा लागत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्ये कायदा करून गाडीची दुरुस्ती-माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करायला लावली. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. गॅरंटी संपलेल्या प्रत्येक गाडीचं डायग्राम मोफत मिळालं पाहिजे, या मताचा मी आहे. आयटीआयमधून दरवर्षी मुलं मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. त्यांना करंट समजतो, ओहमचा नियम समजतो, हातात नकाशा मात्र नसतो. मग ती पार्ट बदलायला शिकतात, आणि भुर्दंड मालकाला बसतो.

मिस्त्रींनी कोड शेवटीही पुसला नाही. मालक जरा नाराज झाले, त्यांना दिवा विझलेला बघायचा होता. मिस्त्रींनी समजावलं: पुसला तर आज विझेल, पण दोष गेला की नुसती नोंद गेली हे कळणार नाही. दोष दुरुस्त झाला असेल तर ओबीडीच्या नियमाप्रमाणे ओळीने तीन वेळा गाडी नीट चालली, की ईसीएम दिवा आपण होऊन मालवतो. नोंद त्यानंतरही राहते आणि इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम झालं, की ती पुसली जाते. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावणं आणि त्याला दुरुस्ती म्हणणं त्यांना पसंत नाही. गगनबावड्याच्या रस्त्याने एक फेरी मारा, चार दिवस रोजच्यासारखी वापरा आणि दिवा राहिलाच तर परत आणा, असं सांगून त्यांनी हॉर्नसाठी बॅटरीवरून वेगळी, स्वतःचा फ्यूज असलेली वायर ओढून दिली आणि तिचे पैसे वेगळे लावले.

मग त्यांनी पोराला वही काढायला लावली. शाळेची दोनशे पानी वही, तेलाचे डाग पडलेली. मॉडेल, साल, कोड, वायरीचा रंग, जोड बॅटरीच्या ट्रेखाली, आधी ६.८, नंतर ०.१. शेजारच्या पानावर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एका गाडीची नोंद होती, ईसीएमच्या कपलरमधल्या पिनेच्या नंबरासकट, आणि बाजूला पेन्सिलने काढलेला कपलरचा आकार. पोराने नवी नोंद लिहून झाल्यावर मामांकडे बघून विचारलं, पीनंतर शून्य किती. "एक शून्य, मग तीन चार," मामांनी सांगितलं आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.